पॉलिश केलेली बाहुली

मित्रांनो, मला एक हात कमी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुजबुज नको. मी दुकानातली जुनी फायबरची बाहुली. साडी नेसून काचेमागे उभी राहणारी.

माझा साचा एका राजकन्येवरून घेतला होता. असं मीच सांगते, पण चांगलं सांगते. सुरतच्या रिंगरोडवर मी अकरा वर्षं उभी होते. एकदा धुळ्याकडचे एक आजोबा चष्मा घरी विसरून आले आणि नातवासाठी मला पसंत करून गेले. नारळ ठेवला, शालू नेसवला. मी पाया पडले नाही, एवढ्यावरून लग्न मोडलं. हात मात्र लोडिंगवाल्याने पाडला. मला काही वाटलं नाही. फायबरला वाटत नसतं.

मग सुरतेतल्याच भेस्तान भागातल्या एका गोदामात मी चार वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी होते. त्याच गोदामात प्रमिलाबाई धागा कटिंगला होती. खानदेशातली बाई. दहा तास जमिनीवर मांडी घालून कापडाचे लोंबते धागे कापायचे. उठताना ती आधी मांड्यांवर बुक्क्या मारायची, म्हणायची, "उठा वं माय, मेल्या का काय?" ते ती पायांना म्हणायची. कधीकधी माझा टेकू घेऊन उठायची.

यंदा सुरतेत आफ्रिकेच्या फॅशन आणि सौंदर्य व्यवसायाचं मोठं प्रदर्शन भरलं. आमच्या मालकांनीही स्टॉल घेतला. मॅनेजर भूपेंद्रभाई, मूळचे अमळनेरचे पण बोलण्यात पक्के सुरती, प्रमिलाबाईला म्हणाले, "बेन, तुमचा हात कपड्यावर बसेल आहे. तीन दिवस स्टॉल सांभाळा. सगळं बराबर झालं तर शोरूमला घेतो. उभ्याचं काम. जमिनीवर बसणं बंद."

प्रमिलाबाईने त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

प्रदर्शनाच्या सकाळी भूपेंद्रभाईंनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पाहुणे आफ्रिकेचे आणि बाहुली गुलाबी? कशी चालेल?" त्यांनी कपाटाला लावायचं तपकिरी पॉलिश आणवलं. प्रमिलाबाई म्हणाली, "भाऊ, हे सुकायला दिवस जाईल." ते म्हणाले, "पंखा लाव ना!"

पंखा लावला. एका तासाने मला नमुन्याचं कापड गुंडाळलं. निळ्यावर पिवळे पक्षी, सहा वार. तेवढा एकच तुकडा तयार होता, बाकीचा माल अजून सुरतेजवळच्या सचिन गावातल्या मिलमध्ये. कापड पोटाला चिकटलं. सोडवलं तर वीतभर डाग.

"हाई काय व्हयनं वं माय!" प्रमिलाबाई पुटपुटली. पण सहा वार म्हणजे तिच्या दृष्टीने लुगडंच. डाग निऱ्यांत दडवून तिने मला झकास साडी नेसवली, डोक्यावरून पदरसुद्धा. समोरच्या स्टॉलवर केसांच्या टोपांची नुसती डोकी मांडलेली. ती डोकी माझ्याकडे बघून हसली. शपथेवर सांगते, दात दिसले.

दुपारी एफुआ मॅडम आल्या. आफ्रिकेतल्या घाना देशाच्या व्यापारी, बारा वर्षं सुरतेत येऊन-जाऊन हिंदी शिकलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "ये क्या बनाया? हमारे इधर तो इसमें से तीन कपडे बनते हैं." आणि गुंडाळून दाखवायला त्यांनी निऱ्याच सोडल्या.

डाग वर आला.

"रंग जाता है," त्या म्हणाल्या. कापड खाली ठेवलं, पिशवी उचलली.

"नाही मॅडम, पाणी पडा होगा," भूपेंद्रभाई घाईघाईने म्हणाले आणि प्रमिलाबाईकडे डोळे वटारले. गप्प राहा, असे ते डोळे. गप्प राहिली तर दोष कापडाचा ठरून सौदा गेला, पण तिचं शोरूम राहिलं. बोलली तर शोरूम गेलं.

प्रमिलाबाई पुढे झाली. तिने आपला पांढरा पदर माझ्या पोटावर घासला आणि मॅडमसमोर धरला. तोच तपकिरी डाग. मग म्हणाली, "कपडा अच्छा है, बेन. रंग इसका है."

मॅडमनी माझ्या खांद्यावर नख ओढलं. खालून गुलाबी निघालं. "इसको किसने रंगाया?"

भूपेंद्रभाई छताकडे पाहू लागले. मी तर काय सांगणार!

"मैं कपडा देखने आई थी," त्या सावकाश म्हणाल्या. "गुलाबी पे भी देख लेती." मग कापडाचं टोक ओलं करून रुमालावर घासलं. रुमाल कोरा राहिला. त्यांनी चाळीस गाठींचा माल सांगितला.

त्या पलीकडे वळताच भूपेंद्रभाई हळूच म्हणाले, "प्रमिलाबेन, सोमवारपासून गोदामात. धागा कटिंग."

"हो, भाऊ."

तिचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता. कोरा. डागाळलेला पदर कमरेला खोचून ती मला कापड पुन्हा गुंडाळू लागली, या वेळी मॅडमच्या अंगावर होतं तसं. मॅडम परत आल्या. दोन स्टॉलांपलीकडून एक खुर्ची ओढत आणली होती त्यांनी. "बैठो."

प्रमिलाबाईने भूपेंद्रभाईंकडे पाहिलं. ते उभे होते. ती म्हणाली, "नको बेन. बसले तर उठता येणार नाही."

संध्याकाळी हॉल बंद होईपर्यंत ती खुर्ची आम्हा दोघींच्या मध्ये रिकामी होती.

मित्रांनो, मला रंगवा, मोडा, भंगारात घाला. मला बसता येत नाही. पण तुमच्या दुकानात, घरात, कारखान्यात कोणी दिवसभर उभं असेल, तर नुसती खुर्ची देऊन थांबू नका. तिच्याआधी तुम्ही स्वतः खाली बसा, म्हणजे तिलाही बसता येईल.