धुराड्यातल्या पायऱ्या

आमचे हे लढाईवरून परत आले ते निम्मेच. उरलेले निम्मे विलायतेतल्या एका शेतघरात राहून गेले होते. सिकंदराबादच्या छावणीतून खेचरांच्या पलटणीबरोबर हे तिकडे गेले, बर्फात आजारी पडले आणि एका शेतकरणीनं त्यांना अख्खा हिवाळा घरात ठेवून घेतलं. आता जेवताना, वखर हाकताना हे मधेच थांबत आणि त्यांच्या डोळ्यांत ते घर उभं राही. सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. घराशी काय भांडू?

मग बिलोलीजवळच्या आमच्या रानात हुबेहूब तसंच घर बांधायचं त्यांनी मनावर घेतलं. लाल भाजक्या विटा, एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. उतरतं छप्पर. बैठकीत माणूस उभा मावेल एवढी चूल, तीही स्वयंपाकाची नव्हे, नुसती शेकायची. आणि तिच्यावर छपराच्याही वर निघालेलं धुराडं.

"आपल्याकडं शेकायला थंडी कुठं हाय?" मी म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. माळवद नाही, म्हणजे उन्हाळ्यात वर अंथरूण टाकून चांदण्या बघणंही गेलं, याचा मला फार राग आला. तहसीलदारसाहेब टांगा थांबवून "ये क्या तमाशा है" म्हणाले, तेव्हा तर मला बरंच वाटलं.

विटांचं काम येणारा गवंडी मिळाला तो देगलूरचा गुरुबसप्पा. त्यानं जन्मभर विहिरीच बांधल्या होत्या. हे बियाणं आणायला नांदेडला गेले, तेवढ्यात त्यानं धुराडं पुरं केलं. परत आल्यावर ह्यांनी चुलीत डोकं घातलं आणि तसेच राहिले. आतून धुराडं चांगलं गोल, ऐसपैस होतं आणि भिंतीतून पायऱ्यांचे दगड निघाले होते, खालपासून थेट वरपर्यंत.

"गुरुबसप्पा, हे काय केलंस?"

"पायऱ्या न्हाईत तर माणूस उतरंल कसा, अण्णाराव?"

हे रागावलेही नाहीत, तेच मला खुपलं. "तसं न्हाई झालं," एवढंच म्हणाले आणि बाजेवर तोंड फिरवून पडले. त्यानंतर जेवायलाही उठेनात. आता उरलेले निम्मेही जातात की काय, म्हणून मी घाबरून गेले.

चैत्रातली संध्याकाळ होती. घरात जीव गुदमरत होता, फक्त चुलीपाशी गार झुळूक लागत होती. मी आत शिरून वर पाहिलं. विहिरीत वाकल्यावर पाणी दिसतं तसं वाटोळं आकाश दिसलं. मी पदर खोचला आणि चढले.

डोकं बाहेर निघालं आणि वारा अंगावर आला. खाली आमचं काळं रान, लांब मांजरा नदीची रेघ, वर पहिली चांदणी. आता पाय सोडले तरी मी पडणार नाही, असं वाटलं.

"आवो!" मी धुराड्यात तोंड घालून ओरडले. "वर या की!"

बऱ्याच वेळानं हे धोतर सावरत चढून आले. एका धुराड्यातून नवरा-बायकोची डोकी वर; गावानं पाहिलं असतं तर गाव हसून मेलं असतं. हे मात्र बघतच राहिले.

"तिथून असंच दिसायचं का?" मी विचारलं. उत्तर ऐकायचं नव्हतं, तरी विचारलं.

"तिथं कुणी वर चढलंच न्हाई," हे म्हणाले. "खाली सदा जाळ असायचा."

मग त्यांनी बोट करून मला आमची विहीर दाखवली, बांधावरचा आंबा दाखवला, परतणारे बैल दाखवले. जणू मीच परमुलखातून आले होते. मीही सगळं पहिल्यांदाच बघितल्यासारखी "हाव, हाव" म्हणत राहिले.