ब्लेडएवढी फट

उत्तरानं जुनं ब्लेड दोन बोटांत धरून फटीत सरकवायला घेतलं. ते जाईना. अण्णांनी आदल्या संध्याकाळी सगळं पुन्हा आवळून ठेवलं होतं. तिनं परकर गुडघ्यांत घट्ट धरला, लहान पाना उचलला आणि पहिल्या व्हॉल्व्हखालचा बोल्ट केसभर सैल केला. आता ब्लेड आत गेलं. किंचित अडत, पण गेलं. असे आठ व्हॉल्व्ह होते आणि स्वयंपाकघरातून आईची हाक यायच्या आत तिला आठही उरकायचे होते.

नौपाड्यातल्या त्या भाड्याच्या घरामागं गोठा होता. गोठ्यात गाय नव्हती, बेबी ऑस्टिन मोटार होती. दोन वर्षांपूर्वी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या बंगल्यातून अण्णांनी ती आणली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. अण्णा म्हणजे त्र्यंबकराव सोमण, ठाण्यात सरकारी कचेरीत अव्वल कारकून. अठरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले होते. हातानं काही करावं, ही हौस त्यांना चाळिशीत लागली, आणि लागली ती अशी की बायको सुमती म्हणायची, यापेक्षा पत्ते परवडले.

हौसेला जोडीदार हवा असतो. तो त्यांना पोटच्या पोरीत मिळाला. गोणपाटावर सुटे भाग मांडायचे, उत्तरानं प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, रॉकेलमध्ये बुडवून घासायचं. त्या दोन वर्षांत अण्णा तिच्याशी जितकं बोलले, तितकं आधीच्या तेरा वर्षांत बोलले नव्हते. गोठ्यातल्या त्या संध्याकाळी तिला शाळेपेक्षा, मैत्रिणींपेक्षा, दिवाळीपेक्षा प्रिय होत्या.

अडचण एकच होती. अण्णांचा हात जड होता. "घट्ट ते पक्कं," हा त्यांचा मंत्र. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की व्हॉल्व्हखाली बारीक फट ठेवा, कारण तापलं की लोखंड वाढतं, आणि फट नसेल तर व्हॉल्व्हची झडप मिटत नाही, इंजिनाचा दम जातो. अण्णांनी त्या ओळीखाली लाल शाईनं रेघ मारली होती आणि समासात शेरा लिहिला होता: 'येथे लागू नाही.'

"हे विलायतेतल्या थंडीसाठी आहे," ते म्हणाले होते. "आपल्याकडे लोखंड वाढायचं तेवढं आधीच वाढून बसलेलं असतं. वर फट कशाला? फट ठेवली की इंजिन टकटक करतं."

"पण अण्णा, इंजिन तापतं ते उन्हापेक्षा कितीतरी जास्त. मग—"

बस, एवढंच ती बोलली होती. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि घरात गेले. चार दिवस ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवताना तिच्या पाटाकडे पाठ करून बसले. सोमणांच्या घरात वडिलांची चूक काढायची रीत नव्हती. चूक झाली तर ती गुपचूप निस्तरायची असते, हे आईनं तिला कधी शिकवलं नव्हतं. आईकडे बघत बघतच ती ते शिकली होती.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. इंजिन थोडं टकटकलं की अण्णा संध्याकाळी आवळत. ते कचेरीत गेले की उत्तरा सैल करी. त्यांनी दाढीचं ब्लेड टाकलं की पेन्सिलीला टोक करायला म्हणून ती मागून घेई आणि कंपासपेटीत ठेवी. ब्लेडची जाडी पुस्तकातल्या फटीएवढीच भरते, हे तिचं तिनं शोधून काढलं होतं. रविवारी गाडी सुरू होई, गल्लीत दोन चकरा मारी, आणि अण्णा कपाळावरचा घाम पुसत म्हणत, "बघितलंस? घट्ट ते पक्कं."

त्यांचा तो चेहरा बघितला की तिला वाटे, आपण केलं ते बरंच केलं.

शुक्रवारी जेवताना अण्णांनी भातावर ताक घेतलं आणि सांगून टाकलं.

"कल्याणचे श्रीपादराव आपली इथली मोकळी जागा द्यायला तयार आहेत. खोपटला. गॅरेज काढायचं. मी सोमवारी राजीनामा देतोय."

सुमतीच्या हातातली पळी तशीच राहिली. "अहो, पेन्शनला सात वर्षं राहिलीत. हातचं सोडून पळत्याच्या मागं का लागायचं?"

"मेलेली गाडी मी जिवंत केली. कारकुनी काय, कोणीही करेल. श्रीपादराव रविवारी येतायत. गाडीतून त्यांना कल्याणला पोचवायचं. ती नीट चालली की सगळं ठरलं."

"आणि मी, अण्णा?" उत्तरानं विचारलं.

"तू काय?"

"गॅरेजमध्ये."

अण्णा हसले. प्रेमानंच हसले. "वेडी आहेस का? चार ड्रायव्हर-क्लीनर येणार तिथं. तुझं काम झालं आता. आईला मदत कर."

त्या रात्री तिला घोर लागला तो गॅरेजला नेणार नाहीत म्हणून नव्हता. तो नव्हता, असं तिनं स्वतःला तरी सांगितलं. खोपटला लोकांच्या गाड्या येणार, अण्णा त्या आवळणार, आणि दुपारी तिथं ब्लेड घेऊन कोणी जाणार नाही. महिन्याभरात खोपटभर बोभाटा. मग ना नोकरी, ना पेन्शन. आणि या सगळ्याचं मूळ आपण, कारण आपण त्यांना एकदाही चुकू दिलं नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून अण्णा आले आणि सगळं नव्यानं आवळलं. रविवारी पहाटे ते अंघोळीला गेले तेव्हा उत्तरा गोठ्यात उभी होती. कंपासपेटी हातात होती. आई दारात आली. तिनं पेटीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"तुला माहीत होतं?" उत्तरानं विचारलं.

"तुझ्या काळ्या पडलेल्या नखांना डोळे मिटून तेल लावते का मी?" आई म्हणाली. "आज काय करणार आहेस?"

"काही नाही."

आईनं पदराला हात पुसले. "बरं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

श्रीपादराव सात वाजता आले. जाडजूड, पान खाणारे, मोठ्यानं बोलणारे. ते पुढं बसले. चढावर चाकामागं दगड लावायला म्हणून उत्तराला मागं बसवलं. गार इंजिन कुरकुरत का होईना, सुरू झालं. टकटक मुळीच नव्हती. अण्णांनी मान वळवून तिच्याकडे अभिमानानं पाहिलं आणि तिनं खिडकीबाहेर नजर वळवली.

माजिवडा मागं पडलं आणि गाडीचा दम जाऊ लागला. आधी ओढ कमी झाली, मग धक्के बसले, मग आग्रा रोडच्या कडेला एका चिंचेखाली ती गप्प झाली. अण्णांनी हँडल मारलं. ते पोकळ फिरलं. पुन्हा मारलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

"काय झालं हो?" श्रीपादरावांनी पान थुंकून विचारलं.

अण्णांनी बॉनेट उघडलं, इकडे तिकडे पाहिलं. मग सावकाश मान वर केली.

"उत्तरा, गाडीला हात लावला होतास?"

"नाही, अण्णा."

"खरं सांग."

"आज नाही लावला."

"आज नाही," ते श्रीपादरावांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? ही मी नसताना खेळत असते. नाहीतर कालपर्यंत घड्याळासारखी चालत होती."

उत्तराचे कान तापले. गेल्या वर्षभरात गाडीला हात न लावता आलेला हा पहिला रविवार होता. तिनं तोंड उघडलं आणि वडिलांच्या पाठीला चिकटलेला सदरा पाहून मिटलं.

अण्णांनी प्लग काढले, फडक्यानं पुसले, पुन्हा बसवले. एक वायर उगीचच उलटसुलट केली. यात अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात चिंचेच्या सावलीत इंजिन निवलं. अण्णांनी हँडल मारलं, आणि गाडी सुरू झाली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

"वा, त्र्यंबकराव," श्रीपादराव म्हणाले. "याला म्हणतात हात."

अण्णांनी मागचं सामान खाली ठेवावं तसं तिला सांगितलं, "तू उतर. गाडीवर भार नको. इथून घर काही लांब नाही."

ती उतरली. गाडी भिवंडीमार्गे कल्याणच्या दिशेनं गेली. चार-पाच मैलांवर पुन्हा थांबेल, हे तिला माहीत होतं, आणि पुन्हा निवेल हेही.

अण्णा संध्याकाळी परतले ते खुशीत. "जाऊन येऊन सहादा बंद पडली. सहाच्या सहा वेळा मी चालू केली. श्रीपादराव म्हणाले, असाच माणूस हवा."

सोमवारी सकाळी अण्णा खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होते. राजीनाम्याचं पाकीट कोटाच्या खिशातून डोकावत होतं. उत्तरा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वेळेवर आठवेना.

"अण्णा, ते पत्र आज देऊ नका. गाडीचे व्हॉल्व्ह मी लावत होते. तुम्ही कचेरीत गेलात की. वर्षभर. तुम्ही आवळायचात, मी सैल करायचे. काल केलं नाही, म्हणून बंद पडली."

अण्णांचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस होता. त्यांनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

"सैल करायचीस," ते म्हणाले. "वर्षभर."

"हो."

"तरीच. मला कळेना, दर आठवड्याला आवळून पुन्हा टकटक कशी." त्यांचा आवाज चढला नाही. उलट तो इतका मऊ झाला की तिला रडू फुटायला आलं. "बरं झालं, आपणहून कबूल केलंस. मी रागावलो नाही. लहान आहेस, कुतूहल असतं. पण आता पुरे. गोठ्याला आजपासून कुलूप लावतो."

त्यांनी उरलेला गाल साफ केला, तोंड धुतलं, ब्लेड काढून पुसलं आणि नेहमीसारखं तिच्यापुढं धरलं.

"घे. पेन्सिलीला."

तिनं ते घेतलं. अण्णा कोट चढवून, खिसा चाचपून निघाले. त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

उत्तरा उंबऱ्यावर बसली. कंपासपेटी उघडून तिनं पेन्सिल बाहेर काढली आणि त्या ब्लेडनं, पहिल्यांदाच, तिला टोक करू लागली.