शुद्ध बोलणारा लांडगा

भिंतीवरच्या टीव्हीत लांडग्याने सशाच्या बिळाला कान लावला, आणि कौसल्याबाईंनी हातातला पोछा भिंतीला टेकवून घसा साफ केला. जमेल तितका जाड आवाज काढून त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, बाळा. बाहेर ये. मी तुला काहीही करणार नाही."

आठही खाटांवरची पोरं खिदळली. ज्यांच्या हाताला सलाईन लागलं होतं त्यांनी दुसऱ्या हाताने गादी बडवली. तोवर ससा मागच्या भोकातून बाहेर येऊन, टोपी-चष्मा चढवून लांडग्याच्या मागे उभा राहिला होता. आता कौसल्याबाईंनी आपला रोजचा आवाज लावला. "काहून गा, काय शोधून राहिला?"

"मला ससा हवा आहे," लांडगा म्हणाला.

"मले सापडला तं तुलेच आनून देतो. तू खोद. अजून खाली. अजून खाली."

धरमपेठेतल्या त्या मुलांच्या दवाखान्यात टीव्हीचा आवाज चार वर्षांपूर्वी गेला होता. चित्र ठणठणीत होतं म्हणून तो कुणी बदलला नाही. एका पेशंटचे वडील पेनड्राइव्ह विसरून गेले, त्यात सात मिनिटांचं हे जुनं परदेशी कार्टून निघालं. चष्मेवाला ससा जागा दाखवत जातो, लांडगा खोदत जातो आणि शेवटी थेट विहिरीत पडतो. बोलणं कौसल्याबाईंनी घातलं. ससा वऱ्हाडी बोलायचा, लांडगा शुद्ध बोलायचा. असं का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

लांडगा विहिरीत पडला आणि दारातून डॉक्टर अनंत आत आले. पुण्याहून येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. माणूस मऊ, हात हलका. ते थेट चौथ्या खाटेकडे गेले. तिथे काटोलकडची रोशनी होती, सहा वर्षांची, न्यूमोनियाची. तिच्या हातावरची सुई रात्रीतून सरकली होती, हात सुजला होता आणि अकराच्या औषधासाठी दुसऱ्या हातावर सुई लावायची होती. डॉक्टर तिच्यासमोर वाकले, हसले आणि म्हणाले, "घाबरू नकोस, बाळा. मी तुला काहीही करणार नाही."

रोशनीने अशी किंकाळी फोडली की खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस रस्त्यावर आला. "लांडगा!" ती ओरडली आणि आजीच्या, पंचफुलाबाईंच्या, पदरात शिरली. शेजारच्या खाटेवरचा गोलूही रडायला लागला. मग काय विचारता, आठही खाटा सुरू झाल्या.

डॉक्टर बिचारे सुई हातात धरून उभे राहिले. दुसऱ्यांदा जवळ गेले तर रोशनीने त्यांच्या मनगटाला चावा घेतला. हेड सिस्टर मिनल धावत आल्या. असं चालायचं नाही, औषध चुकवून भागणार नाही, चौघांनी धरा आणि लावून टाका, असं त्यांनी फर्मावलं. वर कौसल्याबाईंकडे बघून, हे कार्टूनचं खूळ आजपासून बंद, हेही सांगून टाकलं. पंचफुलाबाई तर हात जोडून म्हणायला लागल्या की पोरीला घरी नेते, पण असं धरून टोचू नका.

खरी गोष्ट कौसल्याबाईंशिवाय कुणाला कळली नव्हती. डॉक्टर लांडग्यासारखे दिसत नव्हते, वागत तर मुळीच नव्हते. ते फक्त त्याच्यासारखं बोलले होते, आणि ते बोलणं पोरांच्या कानात कौसल्याबाईंनीच भरलं होतं. पोरीचा श्वास भात्यासारखा चालला होता. तिला आज औषध मिळालं नाही तर त्याचं पाप आपलं, हे त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं.

कबूल केल्यावर त्या गप्प बसणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी मिनल सिस्टरकडे दहा मिनिटं मागितली आणि डॉक्टरांना सरळ कॉरिडॉरमध्ये नेलं.

"सर, चूक माही हाय. तुमी लांडग्यावानी बोलता."

"मी?"

"म्हंजे लांडगा तुमच्यावानी बोलते. मीच शिकवलं त्याले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, नंतर त्यांचा चेहरा उतरला. पोरं आपल्याला घाबरतात हे त्यांना चार दिवसांपासून दिसत होतं, आणि आपल्या हातातच काही खोट आहे असं धरून ते रोज खोलीवर जात होते. त्यांनी विचारलं, "पण मावशी, लांडगाच का शुद्ध बोलतो?"

तीस वर्षांत पहिल्यांदा कौसल्याबाईंनी ते सांगितलं. याच दवाखान्यात त्या रिसेप्शनच्या जागेसाठी आल्या होत्या. बारावी पास, अक्षर सुरेख, नवी साडी नेसून. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, काय काय येतं? त्या म्हणाल्या, मले फोन घेता येते. साहेब गोड हसले. "मले नव्हे, मला," ते म्हणाले, आणि शेजारच्या माणसालाही हसू आलं. घाबरू नकोस, तुला परत पाठवणार नाही, असं म्हणून त्यांनी आया म्हणून ठेवून घेतलं. ते साहेब कधीच गेले. त्यांचा आवाज तेवढा कौसल्याबाईंनी जपून ठेवला होता, लांडग्याला द्यायला.

कौसल्याबाईंनी डोळे पुसले आणि कामाचं बोलल्या. "आता तुमी ससा व्हा. मी लांडगा होतो."

"मला जमेल?"

"नाई जमलं तं पोट्टे शिकवतीन."

सशाचा आवाज दुसऱ्याला द्यायचा हे त्यांना सोपं नव्हतं. त्या वॉर्डात त्यांचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं. तरी त्यांनी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला, रिमोटचं बटण दोनदा दाबलं आणि कार्टून पहिल्यापासून सुरू झालं. मिनल सिस्टर घड्याळाकडे बघत दारात उभ्या राहिल्या.

लांडग्याने बिळाला कान लावला. कौसल्याबाई जाड आवाजात आपलं बोलून गेल्या. पोरं रडता रडता थांबली. टीव्हीतला ससा टोपी घालून बाहेर आला, आणि रोशनीच्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेले डॉक्टर पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाले, "काहून गा, काय शोधून राहिला?"

आजीच्या पदरातून रोशनीचा एक डोळा बाहेर आला.

"मला ससा हवा आहे," कौसल्याबाई गुरगुरल्या.

"मला सापडला तं," डॉक्टर म्हणाले, "तुलाच आणून..."

"मला नाई गा," पदरातून आवाज आला. "मले."

डॉक्टरांनी मान डोलावली. "मले."

"मले सापडला तं तुलेच आनून देतो. म्हना."

ते म्हणाले. रोशनीने आणखी एकदा म्हणायला लावलं. 'आनून'चा ण काही केल्या सुटेना, तेव्हा ती पदरातून पुरती बाहेर आली आणि चांगला हात नाचवून शिकवायला लागली. तो हात डॉक्टरांनी अलगद आपल्या हातात घेतला. टीव्हीत खोदकाम सुरू झालं. "अजून खाली," रोशनी म्हणाली. "अजून खाली," डॉक्टर म्हणाले आणि शीर चाचपत राहिले. सुई शिरली तेव्हा ती कळवळली, दोन टिपं गळली, पण हात तिने ओढून घेतला नाही. पंचफुलाबाईंनी तिला छातीशी धरलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी औषधाचा थेंब पडायला लागला आणि मिनल सिस्टर घड्याळावरची नजर काढून दारातून निघून गेल्या.

कौसल्याबाई टीव्हीखाली उभ्या होत्या. "मला नाई गा, मले." एवढ्याशा पोरीने किती सहज सांगितलं, आणि समोरच्या शिकलेल्या माणसाने किती सहज ऐकलं. तीस वर्षांपूर्वी त्या टेबलापाशी हे म्हणायला आपल्या बाजूने कुणी नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आणि आज ते आपल्याच वॉर्डात ऐकायला मिळालं, याने त्यांचा ऊर भरून आला.

तोवर लांडगा विहिरीत पडला होता. पाण्यातून तोंड वर काढून तो आ वासत होता आणि पोरं त्याच्या शेवटच्या वाक्यासाठी थांबली होती. रोज तो म्हणायचा, 'कृपया मला बाहेर काढा.' कौसल्याबाईंनी तोंड उघडलं, पण तो जाड आवाज काही केल्या निघेना.

"मले काढा न गा बाहेर," त्या म्हणाल्या.

रोशनीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "लांडगा आपल्यावानी बोलला?"

"हाव."

तिने थोडा विचार केला. "मंग काढा त्याले," ती म्हणाली.

डॉक्टर गोलूच्या खाटेकडे वळले होते आणि तिथून त्यांचं चुकलेलं 'तुला' कुणीतरी दुरुस्त करत होतं. कौसल्याबाईंनी खाली पडलेला कापूस उचलला, पोछा बादलीत बुडवून पिळला आणि चौथ्या खाटेखालची फरशी पुसायला घेतली.