शेंदरी गाल

"सुदामभाऊ, ह्यो काय दिलात तुमी? साडी माजी काळी, आन ब्लाउजपीस जांभळा!"

जयाने कापड काउंटरवर आपटलं. सुदामने ते उचललं, दारात नेऊन उन्हात धरलं, परत आत आणलं. त्याला ते काळंच दिसत होतं. "ट्यूबलाइटचा दोष," असं पुटपुटत त्याने शेजारचा तागा ओढला. तोही जांभळाच निघाला. जया हसली, आणि ते हसणं त्याला तिच्या रागापेक्षा जास्त लागलं.

मुरबाडच्या बाजारपेठेतल्या त्या मॅचिंग सेंटरात सुदाम चोवीस वर्षं उभा होता. बायका साडी घरी विसरून यायच्या, "पिकल्या आंब्यावानी, पण जरा कच्चा" एवढंच सांगायच्या, आणि हा पठ्ठ्या बरोबर तोच तागा काढायचा. अशा माणसाने छंदही रंगाचाच लावून घ्यावा यात नवल नव्हतं. घराच्या पडवीत त्याने झेब्रा फिंच पाळले होते. चिमणीहून लहान पाखरं, लाल चोचीची, आणि नराच्या गालावर नारिंगी ठिपका. त्या ठिपक्यापायी तो अकरा वर्षं जोड्या जुळवत होता. गडद गालाचा नर ठेवायचा, फिका देऊन टाकायचा. पहिली पिल्लं अबोली होती, मग गाजरी झाली, मग केशरी. आता शेंदरी हवा होता, देवळातल्या मारुतीसारखा. तसा गाल एकदा आपल्या पडवीत जन्मला की आपण डोळे मिटायला मोकळे, असं तो म्हणायचा.

"पोरीच्या लग्नात एवढं खपला नाय तुमी," त्याची बायको प्रेमा म्हणायची.

पण गेली दोन वर्षं काहीतरी बिनसलं होतं. चांगल्या केशरी जोडीला पिल्लं मातकट निघू लागली. सुदामने पिंजऱ्याची जागा बदलली, पाणी बदललं, मग नेहमीप्रमाणे बायकोकडे वळला.

"राळ्याचे दाणे जुने आणलेस काय?"

"नाय."

"उकडलेलं अंडं दिलंस?"

"तुमच्या आधी त्यांना देते."

"मग ह्या चार नव्या नरांचे गाल असे मळके का गो?"

प्रेमा जाळीपाशी वाकली. "मळके? अवो, नुसते पेटलेत! शेंदूर हाय शेंदूर."

"तुला रंगातलं काय कळतं?" तो म्हणाला. ते चार नर त्याने खर्डीच्या नवसूला देऊन टाकले. नवसू एसटीडी बूथ चालवायचा आणि बूथमध्ये पाखरं ठेवायचा.

जयाच्या ब्लाउजपीसनंतर दुकानाच्या शेठने सुदामला डोळ्यांच्या शिबिरात पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. कल्याणला उजव्याचं ऑपरेशन झालं आणि तो काळा गॉगल लावून घरी आला. डॉक्टरांनी गॉगल काढायची परवानगी दिली त्या सकाळी तो आधी पडवीत गेला.

"ही साडी निळी हाय?" प्रेमाकडे बघत त्याने विचारलं.

"दिवाळीला तुमीच आणलीत."

"मी राखाडी समजून आणलेली." तो पिंजऱ्याकडे वळला, आणि जाळीला नाक टेकवून वाकला. निवडून निवडून ठेवलेले सगळे नर अबोली होते. अकरा वर्षांपूर्वी होते तसे.

त्याने उजवा डोळा झाकला. मळक्या उजेडात तेच गाल उजळ दिसले. डावा झाकला, पुन्हा अबोली. कितीतरी वेळ तो असाच एकेक डोळा झाकत राहिला. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. गडद रंग मोतीबिंदूच्या डोळ्याला मळका दिसत होता आणि फिका तेवढा उजळ. दोन वर्षं तो हवा तोच रंग वेचून बाहेर काढत होता.

त्याने नवसूला फोन लावला.

"ते चार नर? ते गेले, सुदामभाऊ," नवसू म्हणाला. "मुंबईचा एक माणूस गाडी थांबवून बघतच राह्यला. म्हनला, असा गाल आख्ख्या जल्मात बघितला नाय. घेऊन गेला. कुठला, काय, इचारलं नाय मी."

सुदामला रडू आलं. पण नेमकं कशाचं, ते त्यालाच समजेना. रंग आला होता, त्याच्याच घरात आला होता, त्याच्याच नाकासमोर दोन महिने उड्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्याने प्रेमाला बोलावून घेतलं. चोवीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्या काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली.

"तुला दिसला व्हता ना तो," तो म्हणाला. "सांग, कसा व्हता."

त्याने तागे उलगडायला सुरुवात केली. केशरी. "नाय, ह्याच्याहून लाल." भगवा. "नाय, हा सुका वाटतो." गाजरी, डाळिंबी, परत केशरी. काउंटर भरून गेला. प्रेमा प्रत्येक कापडावर हात फिरवून मान हलवत होती, आणि तो न कुरकुरता वरच्या फळीवर चढत होता.

शेवटचा तागा उघडल्यावर ती जरा थांबली. "हा," ती म्हणाली. "असाच. कडेला जरा जास्त पेटलेला, पण असाच."

सुदामने तो दोन्ही हातांत धरून दारात नेला, उन्हात बघितला. मग कात्री घेऊन बोटभर पट्टी कापली आणि नीट घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी ती पट्टी पिंजऱ्याच्या तारेला बांधून तो बाजूला सरकला.

"आता जोड्या तू लाव," तो म्हणाला.