डाळिंबाची साल आणि नासेरचं पत्र

मित्रांनो, एका पत्राला बरेच दिवस उत्तर गेलंच नाही. ते पत्र वर्षभर माझ्या बुडाखाली होतं, म्हणून मी जरा कलता बसायचो.

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, मला खात्री नाही. ओताऱ्याने मला साच्यात ओतलं आणि हिंगोलीकडच्या गोरेगावच्या हाजराबींच्या सासूबाईंनी घरी आणलं. तेव्हापासून मी मसाला कुटतो आहे. “याच्यातल्या मसाल्याची चव मिक्सरला न्हाई,” असं कुणी म्हटलं की मला संकोच वाटायचा.

हाजराबी जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात खिम्याचे कबाब विकतात. आदल्या दिवशी कबाब तळून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि बाजारात तव्यावर गरम करून द्यायचे, ही सासूबाईंपासूनची रीत. गोश्त धाकट्या भावाच्या, नासेरच्या दुकानातलं.

एका बाजारी गिऱ्हाईक म्हणालं, “चाची, कबाबला वास येऊन राहिला.” हाजराबी भर बाजारात ओरडल्या, “नासेरनं शिळं गोश्त दिलं!” बोलणं गावभर झालं. नासेरचं गिऱ्हाईक तुटलं, दुकान बंद पडलं आणि तो हिंगोलीला निघून गेला. तिथून त्याचं पत्र आलं. ‘आपा, बकरं त्याच सकाळी कापलं होतं. तुमी काहून असं बोलल्या?’ हाजराबींनी पत्राची घडी केली आणि वर मला ठेवलं.

यंदा त्यांची नात उझ्मा सुट्टीला आली. ती परभणीला अन्नशास्त्र शिकते. तिने वाळलेली डाळिंबाची साल माझ्यात टाकली. मी दचकलोच.

“मी कबाब करून राहिले का जुलाबाचं औषध?” हाजराबी म्हणाल्या.

“दादी, एकदा बघा तर.”

त्या दिवशी हाजराबींनी स्वतः कसायासमोर उभं राहून ताजं गोश्त आणलं. उझ्माने सालीची पूड उकळली, गाळली आणि थोडं पाणी अर्ध्या खिम्यात कालवलं. दोन्ही खिम्यांचे कबाब एकाच कढईत तळून दोन डब्यांत घातले आणि डबे फ्रिजमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी कबाब वेगवेगळे गरम करून पुन्हा आपापल्या डब्यांत घातले. सालीचा डबा उघडला, तर कालच्यासारखाच खमंग. बिनसालीचा डबा उघडला आणि हाजराबींचा हात थबकला. तोच वास! नासेरच्या गोश्ताला आला होता तोच.

“हे तर माझ्यासमोर कापलं!”

“दादी, हा सडल्याचा वास न्हाई. शिजलेल्या चरबीला हवा लागली की ताज्या गोश्तालाही येतो, कधी कमी, कधी जास्त. साल त्याला अडवते. पण फ्रिज पायजेच बरं, साल म्हणजे जादू न्हाई.”

हाजराबींनी दोन्ही डबे पुन्हा हुंगून पाहिले. इतकी वर्षं या घरचा मसाला कुटला, पण असं काही असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“म्या त्याचं दुकान बुडवलं गं.”

“अब्बांच्या मामूंना फोन लावू?”

“माझा उचलत न्हाई तो. अन् त्यानं कागदावर विचारलं, कागदावरच सांगते. लिही.”

मित्रांनो, आपली भांडी घासूनपुसून जपा. पण माणसावर ठपका ठेवण्याआधी डबा दोनदा उघडून बघा. मी साधं लोखंड, याहून जास्त मला सांगता येत नाही.

उझ्माने लिहिलं, ‘नासेर, गोश्त ताजं होतं. येत्या बाजारी ये. जिथं ओरडले तिथंच, सगळ्यांसमोर सांगते. तुझी आपा.’

मग हाजराबींनी मला उचललं, खालचं पत्र काढून उत्तरासोबत नव्या पाकिटात घातलं आणि दोघी स्टँडजवळच्या लाल पेटीकडे गेल्या. परतल्या तेव्हा हात रिकामे होते. मी सरळ बसलो होतो.