अकराव्या गेटची साक्ष

आमच्या फुटबॉल क्लबने नवा स्टँड बांधला आणि त्याला अकरा गेट ठेवली. मैदानातल्या अकरा जागांप्रमाणे प्रत्येक गेटवर एका जुन्या खेळाडूचं नाव रंगवायचं ठरलं, पण नावं कोणती यावरून कमिटीत इतकी हमरीतुमरी झाली की अध्यक्षांनी हात झटकले आणि ते लोढणं आमच्या गळ्यात टाकलं. आम्ही म्हणजे चार जण. दर शनिवारी दुपारी माझ्या लाँड्रीत जमतो आणि क्लबच्या नावाने भांडतो.

पहिल्या बाई. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, अर्ध्या गावाला नकाशे भरायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे सत्तरीतही त्यांच्यासमोर कोणी पाय पसरून बसत नाही. दुसरा प्लंबर, त्याचं तोंड त्याने दुरुस्त केलेल्या कुठल्याही नळापेक्षा जास्त गळतं. तिसरा कंपाउंडर. डॉक्टर वारून दहा वर्षं झाली तरी कोणी शिंकलं की हा गोळी सुचवतो. चौथा मी, इस्त्री फिरवत ऐकणारा आणि तिच्याआधी तापणारा.

आमचा एकच नियम आहे आणि तो बाईंचा. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यावरच बोलायचं, ऐकीव चालत नाही. वाद पेटला की बाई म्हणतात, "साक्ष." मग साक्षीदाराने उभं राहायचं, मध्ये पाण्याचा घोटही न घेता, आपण मैदानात कुठे उभे होतो तिथपासून सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. प्लंबरला ही सक्तमजुरीच वाटते.

या नियमाने तीन आठवड्यांत दहा गेट सुटली. अकरावं अडलं. डाव्या बाजूने पुढे खेळणारा कोण, यावर दोन नावं होती.

एक मास्तर. तो कुठे मास्तर नव्हता, पण सरावाला इतका वेळेवर यायचा की नाव पडलं. अकरा वर्षं आमच्याकडे खेळला. एवढ्या काळात त्याने चार गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळीत. दुसरा तिरप्या. एका बाजूला कलून धावायचा म्हणून तिरप्या. दोनच वर्षं खेळला, पण नदीपलीकडच्या क्लबविरुद्धच्या फायनलमध्ये त्याने जो गोल केला, त्या गोलवर आमच्या क्लबचा आजवरचा एकमेव कप आला. आणि पुढच्याच वर्षी तो नदीपलीकडच्यांना जाऊन मिळाला.

तिरप्या माझा सख्खा मोठा भाऊ.

"गोल मी नाकारत नाही," प्लंबर म्हणाला. "मी स्वतः पाहिलाय. पश्चिमेला उभा होतो. तिघांना कापून आत शिरला, आणि मारला तो असा की गोलकीपरची टोपी उडून चिखलात पडली. पण म्हणून काय गद्दाराचं नाव गेटवर? मास्तरने अकरा वर्षं घाम गाळला तो काय फुकट?"

"घाम सगळेच गाळतात," कंपाउंडर म्हणाला. "कप कोणी आणला? मी दक्षिणेच्या गोलमागे होतो. तिघांना कापलं, मारला, टोपी उडाली आणि चिखलात पडली. ते बघून माझे पाय लटपटले होते. मास्तरला बघून कधी कोणाचे पाय लटपटले?"

"सरळ उभं राहायला शिकला असतास त्याला बघून!"

बाई दोघांकडे चष्म्याच्या वरून बघत होत्या. फायनलच्या दिवशी त्या परीक्षेच्या वर्गावर होत्या, मैदानात नव्हत्या. त्या म्हणाल्या, "एक पश्चिमेला, एक दक्षिणेला. आणि उत्तर शब्दाला शब्द एक. मी छत्तीस वर्षं पेपर तपासलेत. दोन उत्तरपत्रिका इतक्या सारख्या असल्या की मी दोघांना सोडून तिसऱ्याला शोधते, ज्याच्यावरून उतरवलं त्याला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "लाँड्रीवाले, हे शब्द तुमचे आहेत. पुढच्या शनिवारी साक्ष तुमची. ती पटली तर माझं मत तिरप्याला."

मी मान डोलावली आणि हातातल्या शर्टाची कॉलर दुसऱ्यांदा इस्त्री केली.

आता जे कोणालाच माहीत नव्हतं ते सांगतो. त्या दिवशी मी मैदानात नव्हतो.

क्लबच्या जर्सी आमच्याच लाँड्रीत धुतल्या जायच्या. तेव्हा बाबा होते आणि मी एकोणीस वर्षांचा, नुकताच कामाला लागलेलो. आमच्या जर्सी पांढऱ्या आणि मोजे लाल. ते कधीही एकत्र टाकायचे नाहीत, हे मला चालता येण्याआधीपासून माहीत होतं. पण फायनलच्या आदल्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दादा फायनल खेळणार, या एका गोष्टीने मी हवेत होतो. मी सगळं एकाच टाकीत ढकललं आणि उकळत्या पाण्याचा नळ सोडला. बाहेर आल्या त्या अकरा गुलाबी जर्सी. दुसरा संच नव्हता. आमची टीम गुलाबी कपड्यांत फायनलला उतरली आणि पलीकडच्यांनी शिट्ट्या वाजवून मैदान डोक्यावर घेतलं. आजही लोक तिला गुलाबी फायनलच म्हणतात.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी आत बसून राहिलो. मैदान दोन गल्ल्या पलीकडे, तिथला ओरडा स्पष्ट यायचा. एक ओरडा असा आला की हँगर हलले. तो दादाचा गोल होता हे मला संध्याकाळी कळलं. लोकांनी विचारलं, पाहिलास ना? सख्खा भाऊ असून नाही कसं म्हणणार? म्हटलं, पाहिला, तोंडाला मफलर गुंडाळून पूर्वेला उभा होतो. आणि कसा होता म्हणाले, तर सांगितला. तिघांना कापलं, असं सांगितलं. टोपीही मीच उडवली. मग दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो, आज चौतीस वर्षं सांगतोय.

दादा पलीकडे गेला तेव्हा बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पलीकडच्यांनी त्याला कायमची नोकरी दिली होती, आणि घरातली पोटं कायमची होती, हे बाबांनाही कळत होतं. तरी एकदा तो पलीकडच्यांची हिरवी जर्सी धुवायला घेऊन आला, तेव्हा बाबा म्हणाले, "या दुकानात हिरवं धूत नाहीत." दादाने जर्सी घडी करून काखेत मारली आणि गेला. पुढे त्याची बदली झाली, दूरच्या शहरात. बाबा गेले तेव्हा एक दिवस आला, परतीच्या गाडीचं तिकीट खिशात ठेवूनच. आता वर्षातून दोन फोन. तब्येत बरी, हवा बरी, ठेवू का?

मला दादा हवा आहे. या वयात हे बोलायला विचित्र वाटतं, पण आहे ते आहे. त्याचं नाव गेटवर लागलं तर उद्घाटनाला त्याला यावंच लागेल, एवढाच माझा हिशोब होता. मास्तरचं मला काही वावडं नव्हतं.

साक्षीत खोटं बोलायला जीभ रेटेना. म्हटलं, निदान खरा गोल कसा झाला ते ज्याने केला त्यालाच विचारू. बुधवारी दुपारी दुकान रिकामं असताना फोन लावला. वहिनीने उचलला आणि ती घाबरलीच. आमच्या घरात अवेळी फोन म्हणजे कोणीतरी गेलं.

"भाऊजी, सगळे ठीक ना?"

"ठीक वहिनी. दादाला द्या."

गेटचं, साक्षीचं, गोलचं सगळं दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टोपी? कसली टोपी? तो टोपी घालतच नव्हता."

"आणि तिघांना कापलंस ते?"

"मी जन्मात ओळीने तिघांना कापलेलं नाही." तो हसला. किती वर्षांनी त्याचं हसू ऐकलं. "कॉर्नर आला. गोलपुढे अशी झुंबड की कोणालाच धड दिसलं नसेल. मी वळायला गेलो आणि पाय घसरला. चेंडू गुडघ्यावर आदळला आणि गेला आत. गोल झाला हे मला सगळे अंगावर पडले तेव्हा कळलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उठलो आणि पूर्वेच्या कुंपणाकडे पळालो," तो म्हणाला. "तू तिथेच उभा राहायचास ना. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. नव्हतास."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"घरी आलो तर तू आईला गोल करून दाखवत होतास. तीन खुर्च्या मांडल्या होत्यास, ते तिघे. उशीचा चेंडू. आई टाळ्या वाजवत होती आणि बाबा, आपले बाबा रे, हसत होते. मी काय तोंड उघडणार?"

"मग नंतर तरी सांगायचंस."

"नंतर उशीर झाला. त्या फायनलनंतर माझ्या पायात चेंडू आला की सगळं मैदान ओरडायचं, तिघांना काप, तिघांना काप. दोनदा तोंडावर आपटलो. दुकानात यायचो तर गिऱ्हाइकं तो गोल मलाच सांगायची, हातवारे करून. मी मान हलवत उभा. पलीकडच्यांनी विचारलं तेव्हा वाटलं, तिथे निदान हा गोल मला कोणी सांगणार नाही."

"तू नोकरीसाठी गेलास."

"नोकरी होतीच. पण तेवढंच नव्हतं." मग त्याने विचारलं, "ते गेटवर नाव लावायचं तुझ्याच डोक्यात आलं ना?"

"हो. म्हटलं, तू येशील."

"त्या नावाखालून मला आत जाता येणार नाही रे," तो म्हणाला, आणि तब्येतीची चौकशी न करताच त्याने फोन ठेवला.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. ज्याचं कौतुक करता करता माझी जीभ थकली नाही, त्याला त्या कौतुकानेच मी घराबाहेर घालवलं होतं. बाबांना मी मनातल्या मनात इतकी वर्षं बोल लावला. बाबांनी तर फक्त एक जर्सी परत केली होती.

शनिवारी मी इस्त्रीची पिन काढली आणि उभा राहिलो. कंपाउंडर सावरून बसला, त्याला वाटलं आता टोपी उडणार.

"मी कुठे उभा होतो," मी म्हणालो, "तर उभा नव्हतोच. या टेबलामागे बसलो होतो, शटर ओढून. गुलाबी जर्सीची लाज वाटत होती म्हणून. मी फक्त ओरडा ऐकला. तिघे नव्हते, टोपी नव्हती. पाय घसरला आणि चेंडू गुडघ्याला लागून गेला, असं तो स्वतः म्हणतो. ते मी पाहिलेलं नाही. मी काहीच पाहिलेलं नाही."

नियमाप्रमाणे कोणी मध्ये बोललं नाही.

मग कंपाउंडर हळूच म्हणाला, "पण मला ती टोपी दिसते अजून."

"दिसणारच," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं घोटून घेतलंय यांनी."

प्लंबर जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. "खरं सांगू का?" तो म्हणाला. "गोल झाला तेव्हा मी मुतारीच्या रांगेत होतो. क्लबचा एकुलता एक कप, आणि मी रांगेत. कोणाला सांगणार? तुझं ऐकून ऐकून वाटायला लागलं की आपण पाहिला." तो जमिनीकडे बघत राहिला. "बरं वाटायचं रे."

बाईंनी कागदावर अकराव्या ओळीत मास्तरचं नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. जाताना बाई दारात थांबल्या. "तुम्हाला भाऊ हवा होता हे मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "पण ऐकीव चालत नाही." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी आजवर एकाही विद्यार्थ्याच्या खांद्यावर ठेवला नसेल.

ते गेल्यावर मी परत फोन लावला. या वेळी दादानेच उचलला.

"तुझं नाव गेटवरून पडलं," मी म्हणालो. "मीच पाडलं. सगळ्यांना खरं सांगितलं. माझंही आणि गुडघ्याचंही."

"सगळ्यांना?"

"प्लंबरला सांगितलं म्हणजे एव्हाना गावाला कळलंच."

मला वाटलं फोन कटला. मी दोनदा हॅलो म्हणालो.

"उद्घाटनाची मॅच कधी आहे?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी. चारला."

"सकाळच्या गाडीने निघालो तर तीनपर्यंत पोचतो. वहिनीलाही आणतो तुझ्या." मग जरा थांबून, मला ज्याची चौतीस वर्षं भीती वाटत होती ते त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं. "या वेळी कुंपणापाशी असशील ना?"

"दोनपासून उभा असतो," मी म्हणालो.