टवका उडालेलं झाकण

प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावतात: नाव पेशी वाढवायच्या बशीच्या बुडाला लिहायचं, झाकणावर भरवसा ठेवायचा नाही, झाकणं हातोहात बदलतात. आत्या स्वतः हे नव्या पोरांना दटावून सांगायची. पण या वेळी बशी पिल्लूच्या पेशींची होती, आणि मायेपुढे शिस्तीची काय मातब्बरी!

पिल्लू म्हणजे तिच्या दादाचा मुलगा. चार वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता, घास धड गिळत नव्हता. चेतापेशी वाढताना लांब तंतू काढते, आणि त्या तंतूला आतून आधार देतं ट्युब्युलिन नावाचं प्रथिन. त्याची भावंडांसारखी अनेक रूपं असतात. दिसायला सारखी, कामाला वेगळी. पिल्लूमध्ये नेमकं वाढीच्या वेळी लागणारं रूप सदोष होतं. त्याच्या पेशींचे तंतू निघायचे आणि अर्ध्या वाटेत थबकायचे. दुसरं एखादं रूप भरपूर पुरवलं तर ते या भावंडाचं काम ओढून नेईल, असं आत्यानं मनाशी धरलं होतं.

त्यासाठी तिनं पिल्लूच्या रक्तातल्या पेशी आधी मूळपेशींत पालटून त्यांच्यापासून चेतापेशी वाढवल्या, आणि तुलनेसाठी निरोगी माणसाच्या म्हणून दादाच्या. पिल्लूच्या बशीत ते दुसरं रूप भरपूर पुरवलं. मोजणाऱ्याचे डोळे फितूर होऊ नयेत म्हणून तिचा सहकारी बुडावरच्या नावांवर चिकटपट्टी लावायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे.

पण एका झाकणाच्या कडेचा टवका उडाला होता, आणि ते पिल्लूच्या बशीचं हे आत्याला ठाऊक होतं. त्या बशीत तंतू दूरवर पसरलेले दिसले. तिला कुठला धीर! तिथूनच तिनं फोन लावला.

"दादा, वाढताहेत रे! पिल्लूचे तंतू वाढताहेत!"

दादा ढसाढसा रडला.

आठवड्यानं सगळं मोजून झालं आणि मास्तरनं पट्ट्या काढल्या. टवका उडालेल्या झाकणाखाली दादाची बशी होती. पिल्लूच्या बशीत, दुसरं रूप पुरवूनही, तंतू खुंटलेलेच.

"पेशींचं खाद्य बदलताना झाकणं इकडची तिकडे झाली असणार," मास्तर म्हणाला. "कुणाजवळ बोलली नाहीस ना?"

ती तशीच थेट दादाकडे गेली. वहिनी पिल्लूला मांडीवर घेऊन भरवत होती. दर घासाला ठसका.

"बरं झालं आलात, ताई. ती अन्न थेट पोटात द्यायला नळी बसवायची शस्त्रक्रिया रद्द केली आम्ही. डॉक्टर रागावले. पण आता सुधारणारच आहे, तर पोराचं पोट कशाला कापायचं?"

आत्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसली असती तर जीभ रेटली नसती.

दादाला काही कळेना. "अगं, पण लांब तंतू तूच पाहिलेस ना? मग ते कोणाचे?"

"तुझे."

दादा आपल्या मुलाकडे बघत राहिला. वहिनीनं पिल्लूला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटू लागली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "डॉक्टरांना फोन लावा."

दादानं लावला. शस्त्रक्रियेची ती वेळ दुसऱ्या मुलाला देऊन झाली होती. आता दोन महिन्यांनंतरच बघता येईल म्हणे. पिल्लूचा ठसका काही केल्या थांबत नव्हता.